नोंदणी नाही तर वर्गणी नाही? मग गावात मंडळ उरेल का?

धुऱ्यावरचा
दोन दिवसांपासून एक मेसेज गावागावात फिरतोय. "ज्या मंडळाच्या पावतीवर रजिस्ट्रेशन नंबर नाही ते बेकायदेशीर. वर्गणी देऊ नका, पोलिसांत कळवा." खाली जनहितार्थ. पोळा तोंडावर आला, त्याच्या मागोमाग गणपती, आणि ज्यांनी जन्मात कोणाला वर्गणी दिली नाही ते आता मोबाइल पुढे करून पोरांना दारातून परत पाठवतात. म्हणून लिहितो.

कायद्यात असं कुठंही नाही. गणपती किंवा देवी बसवणाऱ्या मंडळाला कायमची नोंदणी लागत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था (ट्रस्ट) कायद्यातलं कलम ४१ क त्यासाठीच आहे. धर्मादाय आयुक्तांच्या साइटवर अर्ज करायचा. ठराव, सभासदांची नावं, ओळखपत्रं, जागेची नाहरकत आणि मागच्या सालचा हिशेब जोडायचा. परवानगी जास्तीत जास्त सहा महिन्यांची मिळते. उत्सव झाला, हिशेब दिला, विषय मिटला.

आता "एकदाची नोंदणीच करून टाका" म्हणणाऱ्यांविषयी. १८६० चा संस्था नोंदणीचा कायदा आणि हा १९५० चा कायदा, दोन्हींत नाव घालायला सात माणसं पुरतात. सात तर पानठेल्यावरही सापडतात. पुढचं कोण बघणार? दर मार्चअखेर खाती मिटवा, सहा महिन्यांत ऑडिट करा, कार्यकारिणीतला एक माणूस बदलला की नव्वद दिवसांत फेरफार, म्हणजे बदलाचा अर्ज, धर्मादायकडे टाका. इकडे सचिव चाकणला कंपनीत, खजिनदार समृद्धीच्या टोलवर. आणि कंटाळून मंडळ बंद करायचं म्हटलं तर पाचांत तीन सभासद बाजूनं लागतात, शिवाय उरलेल्या सतरंज्या, गंजं, ढोल आपसांत वाटून घेता येत नाहीत. ते दुसऱ्या संस्थेलाच द्यावे लागतात.

माझं मत सरळ आहे. गणपतीचं, भजनाचं, कबड्डीचं मंडळ नोंदवू नका. वर्गणी काढायची तेव्हा ४१ क घ्या आणि हिशेब पारावर चिकटवा.

रिटायर्ड बाबू
मेसेज चुकीचा आहे म्हणून तुमचं अर्धवट लिखाण बरोबर ठरत नाही. ४१ क ची परवानगी न घेता वर्गणी काढली तर तीन महिन्यांपर्यंत कैद आणि जमा रकमेच्या दीडपट दंड, हे सोयीस्कर गाळलंत. आज गावखेड्यांतली निम्मी मंडळं ना नोंदणी करतात ना ४१ क घेतात. त्यांना "नोंदवू नका" एवढंच ऐकू जाणार.

दुसरं, ४१ क ने फक्त वर्गणी काढता येते. मंडळाच्या नावे जागा होत नाही, व्यायामशाळेचं अनुदान मिळत नाही, ग्रंथालयाला मान्यता मिळत नाही. हिशेब पारावर चिकटवा म्हणे! पाऊस आला की हिशेब वाहून गेला.

तऱ्हाट पोट्टा
बाबूसाहेब, पारावरचा कागद वाचाले चार माणसं तरी उभे राहते. तुमच्या फायलीतला कागद वाचते कोण? आमच्या बाजूच्या गावात नोंदणीवालं मंडळ हाय, ऑडिट हाय, शिक्का हाय, आन् जनरेटरचं भाडं दर साली वाढते. जनरेटर अध्यक्षाच्या भाच्याचं. ऑडिटात सगळं बरोबर!

झाडीपट्टी
तुम्ही सगळे गणपतीवर बोलता. आमच्याकडे मंडळ म्हणजे दिवाळीनंतरची मंडई म्हणजे जत्रा, रात्री नाटक, आणि कोर्टाचा २०२३ चा निकाल आल्यापासून उघड उघड शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. वडशाच्या नाटक कंपनीला विसार द्यावा लागतो, तंबू, बिछायत, तिकिटं. हा दहा-वीस रुपयांच्या वर्गणीचा खेळ नाही.

आमच्या मंडळाचे सगळे पैसे खजिनदाराच्या बचत खात्यात होते. क्यूआर कोडही त्याचाच. माणूस हिऱ्यासारखा, पण पीककर्ज थकलेलं. बँकेनं खात्याला होल्ड लावला, आणि नाटकाच्या आदल्या दिवशी कंपनीला द्यायला आमच्या हातात काही नाही. बँकेत गेलो तर साहेब म्हणतात, खातं यांचं, पैसे यांचे, मंडळ कोण? बरोबरच बोलले. मंडळ कोण, याचा एकही कागद आमच्याकडे नव्हता. गावातल्या बायांनी बचत गटातून पैसे दिले तेव्हा पडदा उघडला. त्या वर्षी नोंदणी केली. ऑडिटची कटकट आहे, नाही म्हणत नाही, पण खजिनदाराची बायको आता शिव्या देत नाही.

धुऱ्यावरचा
@झाडीपट्टी, तुमचं प्रकरण वेगळं. दर वर्षी लाखांत खेळणाऱ्यांनी नोंदवावंच, मी कुठं नाही म्हटलं? मी भजनी मंडळाविषयी बोलतोय, ज्याची मालमत्ता म्हणजे एक पेटी, एक तबला आणि टाळ. बाकी खजिनदाराच्या एकट्याच्या खात्यात पैसे ठेवायचे कशाला? ठराव करून दोघातिघांच्या सहीचं खातं काढायचं.

झाडीपट्टी
काढून दाखवा आमच्या शाखेत. "रजिस्ट्रेशन आणा" हेच पहिलं वाक्य असते.

कपाशीवाला
नोंदणीपेक्षा प्रतिज्ञापत्राचं बोला. सेतूबाहेरचा टायपिंगवाला पाचशेच्या स्टॅम्पशिवाय हात लावत नाही.

रिटायर्ड बाबू
सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क शासनानं २००४ मध्येच माफ केलं आहे. साधा कागद चालतो.

कपाशीवाला
हे त्या टायपिंगवाल्याला सांगा. मी सांगितलं तर म्हणाला, मग २००४ मध्येच यायचं होतं.

पुस्तकवेडी
विषयाला धरूनच आहे म्हणून लिहिते, आणि थोडी चिडूनच लिहिते.

आमच्या गावचं वाचनालय जुनं आहे, दोन्ही कायद्यांखाली नोंदलेलं. कुलूप लागलेलं होतं, आम्ही काही जणींनी उघडलं, झाडलं, पेपर सुरू केले. मग कुणीतरी म्हणालं, कागदपत्रं नीट करा. शेड्यूल वनची, म्हणजे धर्मादायच्या नोंदवहीतल्या उताऱ्याची, नक्कल काढली. अध्यक्ष वारलेले. उपाध्यक्ष वारलेले. सदस्यांपैकी एक जण गाव सोडून कुठं गेले कुणालाच माहीत नाही. सचिव हयात आहेत, पण नागपूरला मुलीकडे, आणि माणसं ओळखत नाहीत. संस्था निघाली त्या दिवशीची कार्यकारिणी आजही कागदावर तशीच. इतक्या वर्षांत एकही फेरफार टाकलेला नाही.

आता करायचं काय? दर बदलासाठी वेगळा अर्ज, त्यासोबत विलंब माफीचा अर्ज, प्रत्येकाचा मृत्यूचा दाखला, आणि ज्या सभेत नवे लोक निवडले त्या सभेचा ठराव. सभा झाल्याच नाहीत तर ठराव कुठून आणायचा? आमच्या वकिलानं शांतपणे सांगितलं, "प्रोसिडिंग बुक नवं घ्या, पेन वेगवेगळे वापरा, मागच्या तारखा टाका." मी नाही म्हणाले. तेव्हापासून फाइल त्याच्या टेबलावर आहे.

कपाशीवाला
ताई, नाही कशाला म्हणालात? सगळे तेच करतात. प्रोसिडिंग बुक म्हणजे आपल्याकडचा सर्वांत मोठा कथासंग्रह आहे. "सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर, चहापानानंतर सभा समाप्त." चहासुद्धा खोटा.

रिटायर्ड बाबू
हे जाहीर ठिकाणी लिहिताय, थोडी तरी लाज बाळगा. खोटं इतिवृत्त तयार करणं गुन्हा आहे. माझ्या नोकरीत असली पुस्तकं मी हातात घेतल्या घेतल्या ओळखायचो. दहा वर्षांच्या सभा आणि शाई एकच.

तऱ्हाट पोट्टा
ओळखायचे ना? मंग सोडायचे कायले? 😄

बरं, एका मेलेल्या अध्यक्षाचं काय घेऊन बसले. जित्या अध्यक्षाचं बोला. आमच्या तालुक्यात संस्था म्हणजे बाप अध्यक्ष, माय उपाध्यक्ष, पोरगा सचिव, सून कोषाध्यक्ष, दोन साळे सदस्य, सातवा ड्रायव्हर. झाली सात माणसं, झाली नोंदणी! मंग शाळा, मंग डीएड कॉलेज, मंग आश्रमशाळा. आन् गरिबाच्या पोट्ट्यानं गणपती बसवला तर त्याले नंबर इचारता? कायदा त्याहीच्यासाठीच नाही का?

सावली
सगळ्यांना एका मापानं मोजू नका. मी अशाच "घरच्या" संस्थेतला आहे. गावात चौथीच्या पुढं शाळा नव्हती तेव्हा माझ्या वडिलांनी शेत विकून ती काढली. सह्या घ्यायला ते घरोघरी फिरले. कोर्टकचेरीच्या भीतीनं कुणी अंगठाही द्यायला तयार नव्हतं. मग घरच्यांची नावं घातली. नाही तर सात कुठून आणायचे होते? त्या शाळेत शिकून पोरं इंजिनिअर झाली आणि आता तीच इथं येऊन अक्कल शिकवतात.

तऱ्हाट पोट्टा
तुमच्या वडिलानं शेत विकलं, मान्य. तुमच्याकडं लागाले मास्तरानंही विकलं ना?

सावली
तोंड सांभाळून बोल. पुरावा आहे का?

तऱ्हाट पोट्टा
पुरावा प्रोसिडिंगमंदी असन. सर्वानुमते मंजूर.

कपाशीवाला
सावलीभाऊ, रागावू नका, पण एक विचारतो. तेव्हा कोणी सही देत नव्हतं, समजलं. आता तर गावात शिकलेले लोक आहेत ना. आता का नाही बाहेरचे घेतले?

सावली
घेतले होते. बाहेरच्या दोघांनी मिळून वेगळी कार्यकारिणी निवडून आणल्याचं दाखवलं आणि स्वतःचा फेरफार टाकला. आमचा एक, त्यांचा एक. वडील गेले तरी निकाल नाही. त्या भानगडीत शाळेचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. ज्यानं भोगलं नाही त्यानं "बाहेरचे घ्या" म्हणणं फार सोपं आहे.

कपाशीवाला
हे मात्र खरं आहे. आमच्या दूध संस्थेतही... जाऊ द्या, ते सहकारात येते.

धुऱ्यावरचा
अरे, विषय काय होता? मंडळ, वर्गणी, पावती. शिक्षण सम्राटांसाठी वेगळा धागा काढा. आणि भांडायचं असेल तर नीट बघा, तुमचं सगळ्यांचं भांडण माझ्याच बाजूनं चाललंय. नोंदणी केली की मेलेले अध्यक्ष, खोटी प्रोसिडिंग, दोन-दोन कार्यकारिणी. नसती केली तर यातलं एकही झालं नसतं.

मेळघाटी
एवढा वेळ वाचत होतो. तुम्ही लोक तालुक्याला राहता म्हणून अर्ज, नक्कल, सुनावणी असं सहज बोलता. धारणीहून अमरावतीला जाऊन या एकदा, मध्ये पूर्ण घाट. सिरोंच्याच्या माणसाला गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. ऑनलाइन आहे म्हणता, इकडे टॉवर डोंगराच्या मनावर चालतो. अर्ज ऑनलाइन जाईलही, त्रुटी निघाली की माणसालाच जावं लागतं. आमच्या क्रिकेटच्या मंडळानं नोंदणीचा विचार सोडला तो कायद्यामुळं नाही, एसटीमुळं.

रिटायर्ड बाबू
अंतराची अडचण खरी आहे, ते मी नाकारत नाही. परंतु "कार्यालय लांब आहे" हा कायद्याला अपवाद नाही.

आणि धुऱ्यावरचे, तुम्ही ४१ क बद्दल लिहिलं ते बरोबर आहे, एवढं मान्य करतो. पोस्टमधला तेवढाच परिच्छेद धर्मादायच्या कायद्याचा होता, बाकी सगळा तुमच्या आळसाचा.

धुऱ्यावरचा
आभारी आहे. सेवेत असताना एवढं जरी कोणाचं मान्य केलं असतं तर बऱ्याच फायली हलल्या असत्या.

झाडीपट्टी
@पुस्तकवेडी, ताई, एक सुचवू? जुनं सोडून द्या. नवी सात माणसं घ्या, नवी संस्था नोंदवा.

पुस्तकवेडी
विचार केला होता. पहिली अडचण नावाची. जुन्या संस्थेशी मिळतंजुळतं नाव नोंदणीत बसत नाही, आणि गावात ते वाचनालय त्याच नावानं ओळखतात. दुसरी अडचण मोठी. पुस्तकं, कपाटं आणि मुख्य म्हणजे जागा जुन्या संस्थेची. ती नव्या संस्थेला द्यायची तर देणार कोण? सही करणारा अध्यक्ष स्मशानात आहे.

धुऱ्यावरचा
हेच म्हणत होतो मी पहिल्या ओळीपासून.

पुस्तकवेडी
नाही हो, दादा, तुम्ही उलटं वाचताय. ती जागा बसस्टँडसमोर आहे. तिथं गाळे काढायचा ठराव ग्रामपंचायतीत दोनदा आला. दोन्ही वेळा आमच्या गावातल्या एका सरांनी नोंदणीचा कागद आणि उतारा समोर ठेवला. संस्थेच्या नावावरची जागा धर्मादायच्या परवानगीशिवाय विकताही येत नाही, कलम ३६. ठराव तिथंच थांबला. तुमच्या पद्धतीनं पारावर हिशेब लावून वाचनालय चालवलं असतं तर आज तिथं मोबाइल रिचार्जचं दुकान असतं. फेरफार न टाकणाऱ्यांना मी शिव्या घालते. नोंदणी करणाऱ्यांना नाही.

तऱ्हाट पोट्टा
म्हंजे मेलेला अध्यक्षच कामाचा निघाला. जितेपणी गाळे काढून मोकळा झाला असता.

सावली
एवढं पहिल्यांदा बरोबर बोललास.

धुऱ्यावरचा
ठीक आहे. जागा असेल तर नोंदवा. जागा नसेल तर नोंदवू नका. आता खूश?

रिटायर्ड बाबू
आणि नोंदवली तर फेरफार टाका.

धुऱ्यावरचा
हो, साहेब. टाकतो, साहेब.

नवखा
नमस्कार. सगळं वाचलं, डोकं गरगरलं. आमचं यंदाचं पहिलंच वर्ष, पोरं पावतीपुस्तक छापून बसली आहेत. ४१ क च्या अर्जाला जागेची नाहरकत कोणाची जोडायची, ग्रामपंचायतीची की घरमालकाची? मांडव अर्धा रस्त्यावर आहे, अर्धा पाटलाच्या ओट्यावर.