झीलाटेक: चित्राशेजारी मजकूर वळवला की पुढचा विभागही आखूड होतो

पाणकावळा: झीलाटेक या पानं जुळवणाऱ्या प्रणालीत पक्ष्यांचं पुस्तक लावतेय. मजकुराची रुंदी १०७ मिमी, अक्षर १२ पॉइंट, ओळींतलं अंतर १८ पॉइंट, चित्रं ४५ × ६० मिमी. चित्राशेजारून मजकूर वळवणारं रॅपफिग पॅकेज वापरलं, तर परिच्छेद छोटा असला की पुढच्या शीर्षकाखालच्या ओळीही आखूड होतात. यादीशेजारचं चित्र मजकुरावर चढतं. चित्र उजवीकडे ठेवणाऱ्या लहान 'आर'ऐवजी मोठा दिला, तर चित्र भलत्याच पानावर जातं.

खिळेजुळारी: लहान अक्षर म्हणजे 'इथेच', मोठं म्हणजे 'जागा मिळेल तिथे'. त्यामुळे लहानच ठेवा.

आता हिशेब. ६० मिमी म्हणजे सुमारे १७१ पॉइंट. चित्राखालची माहिती, म्हणजे चित्रओळ, दोन ओळींची धरली तर ३६, वरखालची मोकळी जागा २४ धरा. एकूण २३१ भागिले १८, म्हणजे १३ ओळी. किती ओळी आखूड करायच्या हा आकडा रॅपफिगला चौकोनी कंसात स्वतः देता येतो, पण परिच्छेद ९ ओळींतच संपत असेल तर तोही कामाचा नाही. उरलेल्या चार ओळींची खाच शीर्षकाखाली जाणारच. अशा वेळी चित्र लहान करा किंवा चित्र आणि मजकूर शेजारी-शेजारी वेगळ्या चौकटींत ठेवा. आकडे मजकूर पक्का झाल्यावरच भरा. एक वाक्य वाढलं तरी सगळं सरकतं.

यादीत रॅपफिग नकोच. ते परिच्छेदाचा आकार बदलून जागा करतं आणि यादीही तेच करते, म्हणून दोघांची टक्कर होते.

मुद्रितशोधक: यादीसाठी दोन मिनिपेज, म्हणजे ठरावीक रुंदीच्या चौकटी, शेजारी ठेवा: चित्राला ४५ आणि यादीला ५८ मिमी, मध्ये उरलेली जागा भरणारं एचफिल, सुरुवातीला परिच्छेदाची खाच काढणारं नोइंडेंट. मध्ये रिकामी ओळ सोडलीत तर दोन्ही एकाखाली एक जातील. दोन्हींना माथे जुळवण्यासाठी 'टी' देऊनही यादी चित्राच्या तळापासून सुरू होते, कारण चित्राची आधाररेषा (ओळीतली अक्षरं जिच्यावर टेकतात ती) त्याच्या तळाशी असते. दोन्ही मिनिपेजच्या आत सर्वांत आधी शून्य पॉइंटचा व्हीस्पेस (उभी मोकळी जागा) टाका, माथे जुळतील. चित्रओळीसाठी कॅप्शन पॅकेजमधली कॅप्शनऑफ ही आज्ञा वापरा. मिनिपेज दोन पानांत तुटत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

खिळेजुळारी: ५८ मिमीत देवनागरी अडखळते, शब्दांमध्ये भोकं पडतात. पॉलिग्लॉसिया या भाषांच्या पॅकेजात मुख्य भाषा मराठी नोंदवली आहे ना ते बघा, नाहीतर शब्द ओळीअखेर मराठीच्या नियमांनी तुटणार नाहीत. शिवाय इमर्जन्सीस्ट्रेच, म्हणजे ओळ ताणायची जादा मुभा, २ एम (अक्षराच्या आकाराच्या दुप्पट) ठेवा. तरीही खटकलं तर चित्र ४० मिमी करा, किंवा यादी सरळ डावीकडे लावून उजवी कड मोकळी सोडा.