सोनोग्राफीची परीक्षा सिम्युलेटरवर घ्यावी का?

खोलदृष्टी:
व्हीआर सिम्युलेटरवरची (संगणकाला जोडलेल्या पुतळ्यावर खोटी तपासणी करायची) परीक्षा पास झाल्याशिवाय शिकाऊ डॉक्टरला पेशंटवर एकट्याने सोनोग्राफी करू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आज बऱ्याच ठिकाणी लॉगबुकात, म्हणजे केलेल्या स्कॅनच्या नोंदवहीत, ठरलेला आकडा भरला आणि वरिष्ठांची सही झाली की काम झालं. पण चुकीच्या पद्धतीने केलेला स्कॅनही लॉगबुकात एकच मोजला जातो. प्रत्यक्ष पेशंटवर परीक्षा घ्यावी, तर एकाच्या वाट्याला सडपातळ पेशंट येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला पोटात गॅस भरलेला. सिम्युलेटरवर सगळ्यांना तीच केस मिळते.

फास्ट तपासणीचंच घ्या. अपघातातल्या रुग्णाच्या पोटात रक्त साचलंय का, हे त्यात बघतात. उजव्या बाजूला यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधली फट दिसली की नवखा डॉक्टर समाधानाने पुढे सरकतो. यकृताच्या खालच्या टोकापर्यंत प्रोब (अंगावर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण) नेतच नाही, आणि थोडंसंच रक्त असेल तर ते बरेचदा तिथेच आधी दिसतं. परीक्षकाची नजर स्क्रीनवर असते, हाताकडे लक्ष जाईलच असं नाही. सिम्युलेटर मात्र प्रोब कुठे गेला आणि कुठे गेलाच नाही, हे सगळं नोंदवतो.

उजवीकूस:
साफ असहमत. यंत्र त्याला मोजता येतं तेवढंच मोजतं: किती वेळ लागला, प्रोब किती फिरला. कोपनहेगनच्या संशोधकांनी योनिमार्गे सोनोग्राफीच्या सिम्युलेटरवर नवखे आणि तज्ज्ञ अशा दोघांचीही चाचणी घेतली होती (2014). यंत्र देत असलेल्या निकषांपैकी निम्म्याहून जास्त निकषांना दोघांमधला फरकच ओळखता आला नाही. अशा गुणांवर कुणाचं भवितव्य ठरवायचं?

आणि पेशंटचं काय? पित्ताशय दिसत नसेल तर आपण "खोल श्वास घ्या, रोखून धरा" म्हणतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर डाव्या कुशीवर वळवतो. दुखऱ्या पोटावर किती दाबायचं, हे चेहऱ्याकडे बघत ठरवतो. सिम्युलेटरचा पुतळा कळवळत नाही. तिथे बेफिकीर हातही पास होईल.

खोलदृष्टी:
त्याच अभ्यासाचा उरलेला अर्धा भागही सांगा ना. जे निकष फरक ओळखतात तेवढेच निवडून परीक्षा बांधली, तर नवखा आणि तज्ज्ञ वेगळे कळतात. शिवाय त्याच गटाने 2015 मध्ये दाखवलंय की आधी सिम्युलेटरवर शिकलेले डॉक्टर दोन महिन्यांनंतरही खऱ्या रुग्णांवर इतरांपेक्षा चांगलं काम करत होते.

तिसरा_प्रहर:
इथे गल्लत होतेय. तो अभ्यास प्रशिक्षणाचा होता. सिम्युलेटरवर शिकल्याने फायदा होतो, हे मान्य. पण सिम्युलेटरवर जास्त गुण मिळवणारा पेशंटजवळही सरस ठरेल का, हा वेगळा प्रश्न आहे. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये मांडलेल्या, डॉक्टरच्या कौशल्याच्या पायऱ्या दाखवणाऱ्या पिरॅमिडमध्ये "करून दाखवतो" आणि "प्रत्यक्ष कामात करतो" या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. सिम्युलेटर यातल्या पहिल्याच पायरीवर थांबतो.

दुसरी_बाजू:
विमान कंपन्यांच्या वैमानिकांच्या बऱ्याच नियमित चाचण्या सिम्युलेटरवरच होतात. इंजिनाला आग लागल्यावर तो काय करतो, हे कुणी खऱ्या विमानात बघत नाही. मग दुर्मिळ पण जीवघेण्या केसेस डॉक्टरांनी पहिल्यांदा खऱ्या रुग्णावरच का बघायच्या?

तिसरा_प्रहर:
विमान माणसाने बांधलंय, त्याची वागणूक आकड्यांत ठाऊक आहे. शरीराचं तसं नाही.

परीक्षा_घेणारी:
मी या परीक्षा घेते. ओसॉस नावाची गुणांकन पद्धत आहे, तिच्यात सात बाबी येतात: तपासणीचं कारण, यंत्राची माहिती, प्रतिमा सुधारणं, पद्धतशीर स्कॅन, अर्थ लावणं, नोंद आणि पुढचा निर्णय. यातल्या प्रतिमा आणि पद्धतशीरपणा या दोन बाबी सिम्युलेटर माझ्याइतक्याच, कदाचित जास्तच निःपक्षपातीपणे तपासेल. "हुशार" म्हणून नाव असलेल्या शिकाऊ डॉक्टरला नकळत झुकतं माप मिळतं, हे मी परीक्षकांच्या खोलीत पाहिलंय. बाकीच्या बाबींसाठी माणूस हवाच. म्हणून आधी सिम्युलेटर, आणि तिथे पास झाला तरच पेशंटजवळ, परीक्षकासमोर. नुसत्या सिम्युलेटरवर कुणालाही पात्र ठरवायला माझा विरोध आहे.

उजवीकूस:
पहिली चाळणी म्हणून चालेल. पण पास होण्याची रेघ कोण आखणार? बहुतेकदा नवख्यांच्या आणि तज्ज्ञांच्या गुणांचे आलेख जिथे एकमेकांना छेदतात, तिथे ती आखतात. तज्ज्ञ दहा-बाराच असले तर एकाचा दिवस वाईट गेला तरी रेघ सरकते. एखाद्याला नापास करण्याआधी ती रेघ किती जणांवरून आखली, हे त्याला दाखवाल का?