टवका पडल्यावर घाई नको

इन्क्युबेटरमध्ये (अंडी उबवायच्या मशीनमध्ये) ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्याला विसाव्या दिवशी टवका पडला, म्हणजे पिल्लाने आतून कवच फोडायला सुरुवात केली, बारा तास झाले तरी पिल्लू बाहेर आलं नाही, आता कवच सोलू का, असं एकाने विचारलंय. कृपया सोलू नका! पहिल्या टवक्यापासून बाहेर यायला २४ तासही लागतात. त्या वेळात पिल्लू नुसतं पडून नसतं. ते फुफ्फुसांनी श्वास घेऊ लागलेलं असतं, कवचाखालच्या पापुद्र्याच्या शिरांमधलं रक्त आत घेत असतं आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढत असतं. मी एकदा न राहवून नखाने कवचाचा तुकडा काढला होता. खालच्या पांढऱ्या पापुद्र्यावर लगेच लाल थेंब आला. ते पिल्लू वाचलं नाही, अजून वाईट वाटतं.

इन्क्युबेटरचं झाकणही उघडू नका. ओलावा निघून गेला की पापुद्रा सुकून पिल्लाच्या अंगाला चिकटतो, मग त्याला आत फिरता येत नाही. १८व्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के, एवढं सांभाळा. आधी बाहेर आलेली पिल्लं उपाशी राहतील ही भीती नको. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज काढतात.

पुढच्या वेळी मशीनच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर आत ठेवा. पंखा असलेल्या इन्क्युबेटरला ३७.५ अंश हवेत. तापमान सतत थोडं कमी राहिलं तरी पिल्लं उशिरा येतात. आत्ता आतून चिवचिव ऐकू येतेय का? येत असेल तर थांबा.