प्रतिसाद: दोन सॉफ्टवेअर, दोन पृष्ठभाग

साइन(एक्स² + वाय²) चा पृष्ठभाग जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये गोल लाटांसारखा दिसतो आणि मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीत त्याची गोधडी होते, म्हणून सूत्र चुकल्याची शंका तुम्हाला आलीय. सूत्र बरोबर आहे. अंश-रेडियनचा घोळही नाही, तो असता तर लाटांऐवजी कोपरे खाली वळलेली एकच रुंद वाटी दिसली असती.

गोची नमुन्यांची आहे. तुम्ही ५०० × ५०० ची जाळी दिलीत, पण मॅटप्लॉटलिबची पृष्ठभाग काढणारी आज्ञा प्लॉट-सर्फेस आपल्या मनानेच प्रत्येक दिशेला जास्तीत जास्त ५० बिंदू घेतं, बाकीचे गुपचूप गाळतं. -१० ते १० मध्ये म्हणजे दर ०.४ वर एक बिंदू. एक्स = १० जवळ लाटेची लांबी जेमतेम ०.३१! साधारण ४ च्या पुढे दिसणाऱ्या लाटा खोट्याच. आरकाउंट आणि सीकाउंट (ओळी आणि स्तंभांमधून किती बिंदू घ्यायचे ते) दोन्ही ५०० करा. चित्र फिरवताना लॅपटॉप कण्हेल, तेवढं सोसा.

वर कुणीतरी घनमुळाचं विचारलंय, ते दुखणं वेगळं. ऋण संख्येचा १/३ घात नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत 'नॅन' (म्हणजे 'संख्या नाही') देतो, म्हणून अर्धा पृष्ठभाग गायब. तिथे घनमूळ काढणारं सीबीआरटी वापरा.

आणि एक्सेलवाल्यांनो, तिथे उणे चिन्ह घाताच्या आधी लागतं, म्हणून -२^२ चं उत्तर ४ येतं. कंस घाला.