ते ढगांतलं शहर पहिल्यांदा दिसलं तेव्हा... (अनुभव धागा)

सांजफेरी
चवथीआधीची साफसफाई चाललीय. माळ्यावरून माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतो ती, चौकट काढताना मागे जुना सीपीयू सापडला. भावाने त्याची हार्ड डिस्क काढून लॅपटॉपला लावली. दहावीच्या नोट्स, कुणाच्या तरी मुंजीचे फोटो आणि 'बायो' नावाची एक फाईल. कुणाचा तरी बायोडेटा असेल म्हणून उघडली, तर बायोशॉक इन्फिनिट या व्हिडिओ गेमचा पहिला ट्रेलर! ऑगस्ट 2010 मधला.

म्हापशाच्या एका सायबर कॅफेतून पेन ड्राइव्हवर घरी आणला होता. सुरुवातीला समुद्राचा तळ, शेवाळ, आधीच्या बायोशॉकमधला तो पाणबुड्या बिग डॅडी. मला वाटलं, पुन्हा तेच पाण्याखालचं शहर. मग कळतं की ही नुसती माशांची काचपेटी आहे! एक राक्षसी हात येतो, आपल्याला उचलून खिडकीबाहेर भिरकावतो, आणि खाली जमीनच नाही. नुसते ढग, फुगे, पताका, लटकलेल्या इमारती. पोटात गोळा आला होता.

भाऊ तेव्हा पहिलीत होता. तो ओरडला, "दादा, माटोळी!"

बरोबरच होतं त्याचं. सगळं वरून टांगलेलं, खाली देव तेवढा नाही. तुमच्या आठवणी येऊ द्या.

रापणकार
सायबर कॅफे म्हणजे श्रीमंती रे. आमच्या घरी ब्रॉडबँड होतं, पण पावसात वायर भिजली की संपलं. ट्रेलर पॉज करून लोड व्हायला ठेवायचा, आंघोळ करायची, पेज जेवायची, परत येईतो लाईट गेलेली. चार दिवस मी फक्त मासे बघितले. शहर हवेत आहे हे मला वर्गातल्या एकाने सांगितलं. अजून त्याच्यावर राग आहे.

आबोली
श्रावणात चार दिवस मासे 😂 घरच्यांना कळलं नाही ना?

रापणकार
आजीला कळलं. म्हणाली, बघितलेले चालतात.

सांगेकर
माझी आठवण आधीच्या भागापासून सुरू होते. 2007 चा पहिला बायोशॉक, समुद्राखालचं रॅप्चर. मी खेळत होतो, आई मागे येऊन उभी राहिली. माहेर कुर्डीचं तिचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: साळावली धरणात गेलेलं आमचं सांगे तालुक्यातलं गाव. आजोबांचं बिऱ्हाड वाडे गावाला हलवलं. महादेवाचं जुनं देऊळ दगडन्‌दगड उचलून धरणाजवळ नेऊन पुन्हा बांधलं, माणसांना तसं नेता येत नाही. मे महिन्यात पाणी उतरलं की जोती वर येतात, सोमेश्वराकडे लोक जमतात, ख्रिस्ती शेजारी त्यांच्या चॅपेलच्या जागी फेस्त करतात. आई दरवर्षी चिखलात उभी राहून दाखवते, इथे रांदणी (चूल) होती, इथे न्हाणी. मला दिसतो फक्त दगड.

तर ती स्क्रीनकडे बघत राहिली. गळकी छपरं, खिडकीबाहेर मासे. म्हणाली, "एवढं पाणी गळतंय, कुणीच कसं बघत नाही रे?" मी कंट्रोलर खाली ठेवला.

पुढे हा ढगांचा ट्रेलर आला तेव्हा मुद्दाम हाक मारून दाखवला. म्हटलं, बघ, या वेळी शहर वर नेलंय, बुडायची भीती नाही. पूर्ण बघितला तिने. मग विचारलं, "वर नेलं ते ठीक. विहीर कुठाय?"

खाजेंवाली
सांगेकर, काय लिहिलंयस रे. कढी ढवळता ढवळता वाचलं, फुटलीच. गायिका मोगूबाई कुर्डीकर त्याच कुर्डीच्या ना?

सांगेकर
होय, त्याच. आई अभिमानाने सांगते, जसं काही तिनेच गाणं शिकवलं.

पावसाळी बेडूक
थोडं ज्ञान पाजळतो. ट्रेलरमध्ये फुगे दिसतात, पण गेममध्ये कोलंबिया, म्हणजे ते ढगांतलं शहर, तरंगतं ते रोझलिंड ल्युटीस नावाच्या शास्त्रज्ञ बाईच्या क्वांटम करामतीने. साल 1912. शहराची सजावट 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनावरून उचललीय. आणि 2011 च्या डेमोत गेमची नायिका एलिझाबेथ मरणाऱ्या घोड्याला जिवंत करायला बघते, आठवतं? तो प्रसंग खऱ्या गेममध्ये नाहीच. मी शेवटपर्यंत घोडा शोधत होतो.

गेम आला 26 मार्च 2013 ला. 20 जीबी जागा हवी होती. जागा करायला काकांच्या लग्नाची व्हिडिओ उडवली. काकू अजून विचारते.

घोटभर चहा
मी गेमबिम खेळत नाही. पण तरंगणारं शहर बघायला कॉम्प्युटर कशाला? संध्याकाळी पणजीत मांडवीकाठी उभे राहा, कॅसिनोच्या बोटी दिवे लावून बसलेल्या असतात. आणि 2010 मध्ये आपल्याकडे कांदोळीला ते रिव्हर प्रिन्सेस जहाज होतं की, 2000 पासून वाळूत रुतलेलं. त्यांचं शहर उडतं, आपलं जहाज हलत नव्हतं.

रापणकार
😂😂 त्या जहाजासमोर आमच्या कॉलेजच्या अर्ध्या लोकांचे फोटो आहेत.

आबोली
विषय काढलाच आहे तर, माटोळीला तोरिंजनाचं फळ कुठे मिळालं कुणाला? आमच्या बाजारात एकाचे जे पैसे सांगतात ते ऐकून परत आले.

खाजेंवाली
माझ्या भावाच्या कुळागरात (बागेत) आहेत गो. निरोप टाक. सुपारीचं शिपटंही (घोसही) देते.

पावसाळी बेडूक
मी ट्रेलर पुन्हा बघितला आत्ता. खिडकीबाहेर पडायची वेळ येते तेव्हा अजूनही खुर्चीचा हात धरला मी. आता चाळिशीला आलोय.

सांजफेरी
सांगेकर, काल रात्री तुझं वाचून भावाला दाखवलं. पुढच्या मे महिन्यात कुर्डीला यायचं म्हणतोय. आईंना विचारशील? आणि चौकटीला वाळवी लागलीय, सुताराचा फोन लागत नाही. कुणाचा ओळखीचा डिचोलीच्या बाजूला?