फुजी एक्स१००व्ही की एक्स१०० सिक्स? देखणं रूप सोडून हाती काय लागतं?

पस्तीसमिली
न बदलणारी एकच लेन्स असलेला छोटा कॅमेरा घ्यायचा आहे. जुन्या रेंजफाइंडरसारखं रूप आवडलंय, पण केवळ तेवढ्यावर निर्णय घ्यायचा नाही. कामं तीन: रस्त्यावरचे फोटो, घरातल्या मंद उजेडात धावणारी मुलं, आणि भर उन्हात फ्लॅश लावून पोर्ट्रेट. वापरलेला व्ही घ्यावा की नवा सिक्स, यावर घोडं अडलंय. सिक्समधलं स्टॅबिलायझेशन आणि ४० मेगापिक्सेल या कामांत उपयोगी पडतात का? वेदर सीलिंगबद्दल (पाणी-धूळ आत न जाण्याची सोय) उलटसुलट वाचलं, ते नेमकं कसं आहे? आणि वापरलेला घेताना काय तपासायचं?

उलटाउजेड
तिसऱ्या कामापासून सुरुवात करतो, कारण या कॅमेऱ्याचं खरं बळ तिथे आहे आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. शटर लेन्सच्या आत आहे, म्हणजे लीफ शटर. पडद्याच्या शटरचे बहुतेक कॅमेरे फ्लॅशबरोबर १/२०० किंवा १/२५० ला थांबतात. इथे १/१००० लाही फ्लॅश पूर्ण फ्रेमवर पडतो, काळी पट्टी येत नाही.

आता हिशेब बघा. कडक उन्हात आयएसओ १६० ला एफ/१६ वर साधारण १/१६० लागतो. मागची पार्श्वभूमी धूसर करायला एफ/२ वर आलात की सहा स्टॉप उजेड वाढला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे १/१०००० च्या आसपास. मेकॅनिकल शटर १/४००० च्या पुढे जात नाही. व्ही आणि सिक्स दोन्हींत चार स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) आतच बसवलेला आहे. तो लावला की तेच एक्स्पोजर १/६४० वर येतं आणि फ्लॅश निवांत चालतो. एनडी एखाद्या एफएन बटणावर (हवं ते काम नेमता येणारं बटण) नेमून ठेवा, मेनूत शोधत बसाल तर हातातला क्षण जाईल. एक्स१००एफ आणि त्याआधीच्या मॉडेलांत हा फिल्टर तीन स्टॉपचा होता, म्हणून जुने आकडे वाचून गोंधळू नका.

शटर टाइप मात्र ‘मेकॅनिकल’च ठेवा. इलेक्ट्रॉनिकवर फ्लॅश पेटत नाही, शिवाय काही एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येतात.

मंदउजेड
मुलांच्या फोटोंबद्दल. स्टॅबिलायझेशन हाताची थरथर थांबवतं, मुलाची धाव नाही. सिक्सवर १/८ ला भिंत, फर्निचर, बसलेला माणूस सहज टिपता येईल. धावणाऱ्या मुलाला दोन्ही कॅमेऱ्यांवर १/२५० तरी हवाच. ऑटो आयएसओच्या तीन जागांपैकी एक याच कामाला ठेवा: कमाल ६४००, किमान शटर स्पीड १/२५०, अ‍ॅपर्चर एफ/२ ते एफ/२.८. पहिल्याच दिवशी एवढं लावून टाका, कारण किमान स्पीड १/१२५ ला राहिला तर हलणारे हात-पाय पुसट येतात.

ऑटोफोकस हा या मालिकेचा कच्चा दुवा आहे आणि तो मान्य करूनच घ्यावा. सिक्समध्ये प्राणी, पक्षी, वाहनं ओळखण्याची सोय आली, चेहरा-डोळे दोन्हींत आहेत. पण लेन्स तीच, त्यामुळे मंद उजेडात कॅमेऱ्याकडे पळत येणाऱ्या मुलावर दोन्ही चुकतात. लेन्स बदलता येणारे आजचे चांगले कॅमेरे इथे पुढे आहेत. हेच मुख्य काम असेल तर माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही घेऊ नका.

४० मेगापिक्सेलचा फायदा क्रॉपमध्ये दिसतो. ३५ मिमीच्या दृश्यातून ५० मिमीएवढा भाग कापला की साधारण निम्मे पिक्सेल उरतात. सिक्सवर ते वीसेक मेगापिक्सेल, व्हीवर तेरा. एकच लेन्स असलेल्या कॅमेऱ्यात हा फरक मोठा आहे. त्याची किंमत म्हणजे मोठ्या फाइल्स (रॉ ‘लॉसलेस कॉम्प्रेस्ड’ ठेवा) आणि ४३ ग्रॅम जास्त वजन: व्ही ४७८, सिक्स ५२१.

रस्त्यावरच्या कामाला ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर सुरेख आहे, चौकटीबाहेरून आत येणारा माणूस आधीच दिसतो. पण तो लेन्सच्या बाजूला असल्यामुळे जवळच्या विषयाला फोकसची चौकट सरकते. मेनूत ‘करेक्टेड एएफ फ्रेम’ चालू करा, म्हणजे अर्ध्या मीटरवरच्या विषयासाठी दुसरी चौकट दिसते. त्याहून जवळ जायचं तर पुढचा लीव्हर ओढून इलेक्ट्रॉनिकवर या. जवळून काढलेला फोटो विषयाऐवजी मागच्या भिंतीवर फोकस झाला, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

रबरीकडा
सीलिंग: बॉडी सील केलेली आहे, लेन्सचं तोंड उघडं आहे. ते बंद करायला लेन्सभोवतीची पुढची रिंग उलट फिरवून काढायची, तिथे अ‍ॅडाप्टर रिंग बसवायची आणि त्यावर ४९ मिमीचा प्रोटेक्शन फिल्टर. दोन्ही नसतील तर पावसात नेऊ नका. आटे फार बारीक असतात. रिंग आधी हलकेच उलटी फिरवा, आटे जुळल्याचं बोटाला जाणवलं की मगच आवळा. जोर लावलात तर आटे चढतील. या जोडणीवर मूळचं सरकवून बसवायचं झाकण बसत नाही, ४९ मिमीचं चिमटीचं झाकण घ्या.

हा खर्च मी कॅमेऱ्याच्या किमतीतच धरतो. पाऊस बाजूला ठेवला तरी धुळीसाठी हे हवंच. लेन्स निघत नाही, त्यामुळे सेन्सरवर धूळ बसली तर घरी साफ करता येत नाही, कॅमेरा उघडावा लागतो.

म्हणून वापरलेला घेताना पहिली तपासणी धुळीची. एफ/१६, सगळ्यात कमी आयएसओ, मॅन्युअल फोकस अनंतावर, शटर अर्धा सेकंद. पांढऱ्या कागदासमोर कॅमेरा हळूच हलवत फोटो काढा. कागदाचा पोत पुसला जातो, सेन्सरवरचे डाग तिथेच राहतात.

दुसरी अ‍ॅपर्चरच्या पात्यांची. मॅन्युअलवर, आयएसओ न बदलता, एक फोटो एफ/२ आणि १/२००० वर, दुसरा एफ/१६ आणि १/३० वर. मधला भाग सारखाच उजळ हवा. दुसरा बराच उजळ आला तर पाती पूर्ण मिटत नाहीत.

तिसरी एनडीची: एफ/४ ला १/१००० एनडीशिवाय आणि १/६० एनडीसह, पुन्हा दोन्ही सारखे. शेवटी व्ह्यूफाइंडरचा लीव्हर दहा-पंधरा वेळा ओढा, आतली पट्टी अडकता कामा नये.

पस्तीसमिली
खूप उपयोगी. फ्लॅशबद्दल एकच: १/१००० च्या वर गेलं तर काय होतं?

उलटाउजेड
फ्लॅशचा झोत स्वतःच काही काळ चालतो. पूर्ण ताकदीवर तो १/१००० सेकंदापेक्षा लांबू शकतो, मग शटर आधी मिटतं आणि झोताची शेपटी वाया जाते. फोटो एकसारखा पण अंधारा येतो. अशा वेळी ताकद पाव करा (कमी ताकदीवर स्पीडलाइटचा, म्हणजे वरून लावायच्या छोट्या फ्लॅशचा, झोत आखूड होतो) आणि फ्लॅश जवळ आणा. अंतर निम्मं केलं की दोन स्टॉप परत मिळतात. ट्रिगरवर हाय स्पीड सिंक (वेगवान पडदा-शटरसाठी फ्लॅश तुकड्यातुकड्यांत पेटवण्याची सोय) बंद ठेवा. या शटरला त्याची गरज नाही आणि ताकद मात्र त्यात बरीच खर्च होते.

तुमच्या तीन कामांसाठी मी वापरलेला व्ही घेईन, वरच्या तपासण्यांत पास झाला तर. क्रॉप करायची सवय असेल तर सिक्स.