सर्दी-ताप आणि थंडीच्या इंग्रजी शब्दजोड्यांसाठी पुस्तक सुचवा (बजेट ५००, ठाणे/ऐरोली)

ऐरोली_सिस्टर: नर्सिंगची ओईटी (परदेशात नोकरीसाठी आरोग्यसेवकांची इंग्रजी परीक्षा) देतेय. शब्द येतात, जोड्या चुकतात. 'हेवी फीवर', 'स्ट्राँग कोल्ड' असं तोंडातून जातं. आजारपण आणि हवेची थंडी, एवढ्यापुरतं पुस्तक हवंय. ठाणे स्टेशनजवळ मिळालं तर उत्तम.

नौपाडा_वाचक: ऑक्सफर्डची कोलोकेशन्स (म्हणजे शब्दजोड्या) डिक्शनरी, २००९ची दुसरी आवृत्ती. ५००त नवी बसणार नाही, तरी तीच घ्या. माझ्याकडे आहे. 'कोल्ड'खाली गारठा आणि सर्दी वेगवेगळे दिलेत.

मास्तर_वाशी: एवढ्यासाठी डिक्शनरी कशाला? सर्दी 'कॅच' करतात, फ्लूची सुरुवात झाली की 'कम डाउन विथ'. ताप 'हाय', सर्दी 'हेवी', खोकला 'ड्राय' नाहीतर 'चेस्टी', नाक 'ब्लॉक्ड' किंवा 'रनी', घसा 'सोअर'. 'थ्रोट इज पेनिंग' नको. 'आय ॲम कोल्ड' म्हणजे थंडी वाजतेय. सर्दीला 'आय हॅव अ कोल्ड', त्यातला 'अ' गाळू नका.

कोपरी_कट्टा: 'हेवी कोल्ड' ब्रिटिश आहे, अमेरिकेत 'बॅड कोल्ड'. ताई, देश कुठला ते आधी सांगा.

नौपाडा_वाचक: 'बॅड' दोन्हीकडे चालतं, वाद कशाला? खरा घोळ 'टेम्परेचर'चा. ब्रिटनमध्ये 'शी हॅज अ टेम्परेचर' म्हणजे तिला ताप आहे. आणि आकडा सेल्सिअसमध्ये सांगायचा: आपला १०२ म्हणजे तिथला ३८.९.

ठाणेकर_काकू: हवेचं कुणीच सांगितलं नाही. ठाण्याच्या जानेवारीला 'चिली' पुरे. 'बिटरली कोल्ड' हाडं गोठवणाऱ्या थंडीला. वारा 'बायटिंग', पारा शून्याखाली गेला की 'सब-झीरो'. थोड्या दिवसांची लाट 'कोल्ड स्नॅप', लांबली तर 'कोल्ड स्पेल'. 'व्हेरी फ्रीझिंग' चूक, 'ॲब्सोल्यूटली फ्रीझिंग' बरोबर.

घोडबंदर_रोड: डिक्शनरीच घ्या, ऑनलाइन मागवा. गोखले रोडला गाडी लावायला जागा नसते. क्लास मात्र लावू नका. एका क्लासने याद्यांच्या झेरॉक्स हातात टेकवल्या आणि फी परत दिली नाही.

मास्तर_वाशी: पेशंट बोलतो ते वेगळं, तुम्ही लिहिता ते वेगळं. पेशंट 'स्प्लिटिंग हेडेक' म्हणेल, परीक्षेत लिहायच्या पत्रात 'सिव्हिअर हेडेक'. तो 'रनी टमी' म्हणेल, पत्रात 'डायरिया'. 'लूज मोशन्स' तिथे चालत नाही. पत्र १८० ते २०० शब्दांचं, त्यात एकही बोलभाषेची जोडी नको. पाठ करताना कार्डावर अख्खं वाक्य लिहा आणि विशेषण किंवा क्रियापदाची जागा रिकामी सोडा. नुसता शब्द आणि अर्थ लिहिला तर बोलताना जोडी सुटते.

कोपरी_कट्टा: 'बॅड कोल्ड' मीच आधी सांगितलं होतं. देश कळला नाही अजून.

ऐरोली_सिस्टर: ब्रिटन. सगळ्यांचे आभार. डिक्शनरी आत्ता नाही घेत, शनिवारचा क्लासच लावतेय, फी बजेटबाहेर असली तरी. परीक्षेत पाच-पाच मिनिटांचे दोन रोल-प्ले (नर्स-पेशंट संवाद) असतात, त्यांच्या सरावाला समोर माणूस लागतो. मास्तर आणि काकू, तुमच्या जोड्या कार्डांवर उतरवतेय.

घोडबंदर_रोड: मग निदान फी हप्त्याने द्या, आणि पावती घ्या.